रडार एका देशाचं, इंजिन दुसऱ्याचं, क्षेपणास्त्र तिसऱ्याचं. मग युद्धनौका 'जोडतं' कोण?

पनवेलहून सीएसएमटीकडे निघालेली हार्बर लोकल रे रोडनंतर डॉकयार्ड रोडला थांबते. या स्टेशनपासून हाकेच्या अंतरावर माझगाव डॉक आहे. याच कंपनीचं आणखी एक यार्ड समुद्राच्या अलीकडे, पनवेल तालुक्यातल्या न्हावा इथं आहे. देशाच्या अनेक मोठ्या युद्धनौका आणि पाणबुड्या माझगावात तयार झाल्या.

१५ जानेवारी २०२५ रोजी मुंबईच्या नौदल गोदीत पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या उपस्थितीत 'सुरत' ही विनाशिका, 'निलगिरी' ही फ्रिगेट आणि 'वाघशीर' ही पाणबुडी एकाच दिवशी नौदलात दाखल झाल्या. तिन्ही माझगाव डॉकने बांधलेल्या. 'मेक इन इंडिया'च्या पोस्ट त्या दिवशी भरपूर फिरल्या.

पण या तिघींमध्ये एक मोठा फरक आहे. पहिल्या दोन जहाजांवर कोणती यंत्रणा कुठे बसणार आणि कशाला कशी जोडली जाणार, हे भारतीय नौदलाने ठरवलं. पाणबुडीच्या बाबतीत ते फ्रान्सच्या कंपनीने ठरवलं. हा फरक का महत्त्वाचा आहे?

'सिस्टिम इंटिग्रेशन' म्हणजे नेमकं काय?

समजा, पनवेलमध्ये कुणी घर बांधतंय. गवंडी चांगला आहे, प्लंबर चांगला आहे, वायरमनही चांगला आहे. पण तिघांना एकत्र बसवून कुणी बोललंच नाही, तर टाइल्स लागल्यावर लक्षात येतं की गिझरची लाइन टाकायची राहिली. प्रत्येकाने आपलं काम नीट केलं, तरी घर बिघडलं. म्हणून मुकादम लागतो.

युद्धनौकेवर हेच काम शेकडो पटींनी अवघड होतं. रडार, सोनार, तोफा, क्षेपणास्त्रं, रेडिओ, इंजिन, हेलिकॉप्टर अशा असंख्य यंत्रणा वेगवेगळ्या कंपन्यांकडून, बऱ्याचदा वेगवेगळ्या देशांतून येतात. त्या एकमेकांशी बोलल्या तरच जहाज लढू शकतं. ही सगळी जोडणी म्हणजे सिस्टिम इंटिग्रेशन. ती करणारा जो मुख्य मुकादम, त्याला संरक्षण क्षेत्रात 'लीड सिस्टिम इंटिग्रेटर' म्हणतात.

समोरून शत्रूचं क्षेपणास्त्र येतंय असं समजा. रडारला ते दिसतं. रडारची माहिती जहाजाच्या मुख्य संगणकाकडे, म्हणजे 'कॉम्बॅट मॅनेजमेंट सिस्टिम'कडे जाते. ही वस्तू आपली की शत्रूची, ती कुठे चालली आहे आणि तिच्यावर कोणतं शस्त्र वापरायचं, हे तिथं ठरतं. मग आदेश लाँचरकडे जातो. या साखळीसाठी हातात काही सेकंदच असतात.

त्यासाठी सगळ्या यंत्रणांची घड्याळं जुळलेली लागतात आणि सगळ्यांची 'उत्तर दिशा' एकच लागते. रडार आणि तोफ यांच्यात फक्त १ अंशाचा फरक राहिला, तर २० किलोमीटरवर नेम सुमारे ३५० मीटरने चुकतो. शिवाय लाटांवर जहाज सतत डोलत असतं, तेही हिशोबात धरावं लागतं.

विजेचा प्रश्न आणखी वेगळा. सोव्हिएत बनावटीच्या युद्धनौकांवर साधारण ३८० व्होल्ट, ५० हर्ट्झची वीज असते, तर पाश्चात्त्य धाटणीच्या जहाजांवर ४४० व्होल्ट, ६० हर्ट्झची. एकाची यंत्रणा दुसऱ्याच्या जहाजावर थेट प्लग लावून चालत नाही.

जोडणी चुकली तर काय होतं?

याचं सर्वात गाजलेलं उदाहरण १९८२ सालच्या फॉकलंड युद्धातलं आहे. ४ मे १९८२ रोजी अर्जेंटिनाच्या विमानाने सोडलेलं एक्झोसेट क्षेपणास्त्र ब्रिटनच्या 'शेफिल्ड' या विनाशिकेवर आदळलं आणि २० जणांचा मृत्यू झाला.

शत्रूच्या रडारची चाहूल घेणारं उपकरण शेफिल्डवर होतं. पण त्याच वेळी जहाजावरून उपग्रहामार्फत संदेश पाठवला जात होता आणि त्या प्रक्षेपणामुळे हे उपकरण नीट काम करू शकत नव्हतं. त्या दिवशी इतरही चुका झाल्या, पण जगभरच्या नौदलांनी हा धडा लक्षात ठेवला. दोन चांगली उपकरणं शेजारी ठेवली म्हणून ती एकत्र चालतीलच असं नाही.

मुकादम कोण असतो?

जगात साधारण तीन पद्धती दिसतात.

पहिली: जहाज किंवा विमान अख्खंच्या अख्खं एका परदेशी कंपनीकडून घ्यायचं, किंवा तिच्या आराखड्यानुसार देशात बांधायचं. जोडणी त्या कंपनीची.

दुसरी: देशातल्याच एखाद्या मोठ्या खाजगी कंपनीला मुकादम नेमायचं. काय विकत घ्यायचं, कुणाकडून घ्यायचं, कसं जोडायचं, हे सगळं तीच पाहणार. सरकार पैसे देणार आणि शेवटी माल ताब्यात घेणार.

तिसरी: सरकारने, म्हणजे नौदल, हवाई दल किंवा संरक्षण संशोधन संस्थांनी, स्वतः मुकादम व्हायचं. सुटे भाग कुणाकडूनही आले, तरी आराखडा आणि जोडणीची सूत्रं सरकारच्या हातात.

अमेरिकेने खाजगी मुकादम नेमून पाहिला, त्याचं काय झालं?

२००० नंतरच्या दशकात अमेरिकेने दुसरी पद्धत मोठ्या प्रमाणावर वापरली.

तिथल्या तटरक्षक दलाने २००२ मध्ये 'डीपवॉटर' नावाची प्रचंड योजना लॉकहीड मार्टिन आणि नॉर्थरोप ग्रमन या कंपन्यांच्या संयुक्त कंपनीकडे सोपवली. जहाजं, विमानं, संपर्क यंत्रणा सगळं तिनेच ठरवायचं होतं. योजनेतलं सुरुवातीचंच काम म्हणजे ११० फुटी गस्ती नौका लांबवून १२३ फुटी करायच्या. अशा आठ नौका तयार झाल्या, पण त्यांच्या सांगाड्याला बाक आणि भेगा पडू लागल्या. नोव्हेंबर २००६ मध्ये आठही नौका सेवेतून बाहेर काढाव्या लागल्या. एप्रिल २००७ मध्ये तटरक्षक दलाने जाहीर केलं की यापुढे मुकादमाची भूमिका आपण स्वतः घेणार.

अमेरिकी लष्कराची 'फ्यूचर कॉम्बॅट सिस्टिम्स' ही योजना तर याहूनही मोठी होती. चिलखती वाहनं, ड्रोन, सेन्सर, सगळं एकाच नेटवर्कमध्ये जोडायचं होतं. मुकादम होती बोइंग, सोबतीला एसएआयसी. सुमारे १८ अब्ज डॉलर खर्च झाल्यावर २००९ मध्ये योजना गुंडाळण्यात आली. त्याआधीच अमेरिकी संसदेने खाजगी कंपन्यांना अशी भूमिका देण्यावर कायद्याने निर्बंध घातले होते.

अडचण कुठे होती? मुकादमच सामान विकणाराही असेल, तर तो आपलंच सामान निवडण्याचा मोह कसा टाळणार? आणि त्याने केलेल्या कामाची तपासणी करायची, तर तेवढी जाण असलेले अभियंते सरकारकडे उरलेले नसतात. डीपवॉटरचं काम परत हातात घेतल्यावर तटरक्षक दलालाही माणसांची टंचाई जाणवलीच.

भारतीय नौदलाने हे काम स्वतःकडे कसं घेतलं?

भारताची गोष्ट वेगळी आहे. इथं नौदलाने हे काम गरजेपोटी अंगावर घेतलं.

माझगाव डॉक सरकारने १९६० मध्ये ताब्यात घेतली. तिथं ब्रिटिश 'लिअँडर' आराखड्यावरून बांधलेली पहिली फ्रिगेट, म्हणजे जुनी 'निलगिरी', ३ जून १९७२ रोजी दाखल झाली. त्याच काळात नौदलाकडे सोव्हिएत शस्त्रंही आली होती. डिसेंबर १९७१ मध्ये कराचीवर हल्ला करणाऱ्या छोट्या मिसाइल बोटींवर सोव्हिएत क्षेपणास्त्रंच होती.

म्हणजे जहाजाचा सांगाडा आणि इंजिनं ब्रिटिश पद्धतीची, पण घाव घालणारी क्षेपणास्त्रं सोव्हिएत. दोन्ही एका जहाजावर आणता आली तर? शीतयुद्धाच्या त्या काळात लंडन मॉस्कोच्या क्षेपणास्त्राला आपल्या जहाजात जागा करून देणार नव्हतं आणि मॉस्को लंडनच्या जहाजाचा अभ्यास करून देणार नव्हतं. जोडणी करायची, तर ती भारतालाच करावी लागणार होती.

सत्तरच्या दशकात ब्रिटिश बनावटीच्या 'तलवार' फ्रिगेटवर सोव्हिएत क्षेपणास्त्रं बसवून पहिला प्रयोग झाला. खरी परीक्षा होती 'गोदावरी'. नौदलाच्या स्वतःच्या आराखडा विभागाने लिअँडरवरून मोठी फ्रिगेट आखली, माझगाव डॉकने बांधली आणि १० डिसेंबर १९८३ रोजी ती दाखल झाली. तिच्यावर सोव्हिएत क्षेपणास्त्रं होती, इटलीची संगणकीय युद्धप्रणाली होती आणि पाश्चात्त्य बनावटीचे दोन सी किंग हेलिकॉप्टर होते. सोनार होता कोचीच्या डीआरडीओ प्रयोगशाळेने विकसित केलेला, देशी. सोव्हिएत आणि पाश्चात्त्य यंत्रणांची अशी मोट एकाच नव्या जहाजावर बांधणं तेव्हा जगात दुर्मीळ होतं.

या गरजेतूनच नौदलाची 'वेसी' ही संस्था आकाराला आली. शस्त्रं आणि इलेक्ट्रॉनिक यंत्रणा एकमेकांशी जोडणं, त्यांची 'भाषा' एकमेकींना कळेल अशी करणं, हेच तिचं काम. दिल्लीतली ही संस्था सामान्य माणसाला फारशी माहीत नाही, पण आजच्या युद्धनौकांच्या संगणकीय मेंदूमागे ती आहे.

आज हे काम कसं चालतं?

आराखडा नौदलाच्या 'वॉरशिप डिझाइन ब्युरो'चा असतो. बांधणी माझगाव डॉकसारख्या गोदीची. युद्धप्रणालीच्या जोडणीत वेसी आणि भारत इलेक्ट्रॉनिक्स ही सरकारी कंपनी. ऑगस्ट २०२५ मध्ये दाखल झालेली, माझगावातच बांधलेली 'उदयगिरी' ही या ब्युरोने आखलेली १०० वी युद्धनौका ठरली.

'सुरत' ज्या मालिकेतली आहे, त्या 'विशाखापट्टणम' वर्गाचं उदाहरण घेऊ. जहाज १६३ मीटर लांब, वजन सुमारे ७,४०० टन. गॅस टर्बाइन इंजिनं युक्रेनची. मुख्य रडार इस्रायली तंत्रज्ञानाचं. हवाई हल्ल्यापासून बचाव करणारी क्षेपणास्त्रं भारत आणि इस्रायलने मिळून विकसित केलेली. ब्रह्मोस भारत आणि रशियाचं. ७६ मिलिमीटरची तोफ हरिद्वारच्या भेल कारखान्यातली. टॉर्पेडो सोडणाऱ्या नळ्या मुंबईच्या लार्सन अँड टुब्रोच्या. हे सगळं एकत्र नांदवायचं, तेही भारतीय संगणकीय प्रणालीखाली.

याला वेळ किती लागतो, ते तारखांवरून दिसतं. 'विशाखापट्टणम'चं जलावतरण एप्रिल २०१५ मध्ये झालं, पण नौदलात ती २१ नोव्हेंबर २०२१ रोजी दाखल झाली. मधली साडेसहा वर्षं यंत्रणा बसवणं, जोडणं, आधी बंदरात आणि मग समुद्रात चाचण्या घेणं यात गेली. त्याच मालिकेतल्या चौथ्या 'सुरत'ला जलावतरणापासून नौदलाच्या ताब्यात येईपर्यंत ३१ महिने लागले. एकदा शिकलेली जोडणी पुढच्या जहाजाला उपयोगी पडते, ती अशी.

मग 'वाघशीर'चं वेगळं काय?

वाघशीर ही 'कलवरी' वर्गातली सहावी आणि शेवटची पाणबुडी. २००५ च्या करारानुसार या सहाही पाणबुड्या फ्रेंच 'स्कॉर्पिन' आराखड्यावरून माझगावात बांधल्या गेल्या. हात भारतीय, आराखडा आणि युद्धप्रणाली फ्रेंच.

यात गैर काही नाही. पाणबुडीत जागा इतकी तोकडी असते की एखादी वस्तू इकडची तिकडे केली तरी तोल बिघडतो. अनुभव नसताना तयार आराखडा घेणं हाच शहाणपणाचा मार्ग होता आणि त्यातून माझगावातल्या कामगारांना, अभियंत्यांना पाणबुडी बांधण्याचा अनुभवही मिळाला.

पण बदल करायची वेळ आली की फरक जाणवतो. या पाणबुड्यांसाठी इटलीच्या कंपनीकडून आधुनिक टॉर्पेडो घ्यायचे ठरले होते. ती कंपनी ज्या उद्योगसमूहातली, त्याचं नाव ऑगस्टा वेस्टलँड हेलिकॉप्टर प्रकरणात आलं आणि ती खरेदी बारगळली. नव्या पाणबुड्यांना जुन्या टॉर्पेडोंवर भागवावं लागलं.

आता डीआरडीओ स्वतःचा टॉर्पेडो तयार करत आहे. तो या पाणबुड्यांवर बसवायचा कसा? ३० डिसेंबर २०२४ रोजी, म्हणजे वाघशीर दाखल होण्याच्या जेमतेम दोन आठवडे आधी, संरक्षण मंत्रालयाने त्यासाठी करार केला. रक्कम सुमारे ८७७ कोटी रुपये आणि करार फ्रान्सच्या नेव्हल ग्रुप या कंपनीशी. टॉर्पेडो भारतीय, पाणबुडी भारतात बांधलेली, पण दोघांची गाठ मारायला मूळ आराखडा करणारी कंपनी लागली.

त्याच दिवशी दुसराही करार झाला. पाणबुडीला पाण्याखाली जास्त काळ राहता यावं यासाठी डीआरडीओने विकसित केलेली एआयपी यंत्रणा पाणबुडीत बसवण्याचा, सुमारे १,९९० कोटी रुपयांचा. हे काम माझगाव डॉककडे आहे.

नाशिकने काय करून दाखवलं?

जोडणी आपल्या हातात असल्याचा फायदा महाराष्ट्रातच आणखी एका ठिकाणी दिसला, तो नाशिकजवळच्या ओझरला. तिथं हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा कारखाना सुखोई-३० विमानं बांधतो. या विमानाखाली ब्रह्मोस लावायचं ठरलं. विमानातून सोडायचं ब्रह्मोस सुमारे अडीच टनांचं आहे. एवढं वजन पोटाखाली घेऊन उडायचं, तर विमानाचा सांगाडा, वायरिंग आणि सॉफ्टवेअर, सगळंच बदलावं लागणार होतं.

सांगाड्याचं आणि विजेचं काम हिंदुस्तान एरोनॉटिक्सने केलं. विमानाच्या सॉफ्टवेअरमधले बदल हवाई दलाच्या स्वतःच्या अभियंत्यांनी केले. २५ जून २०१६ रोजी नाशिकहून ब्रह्मोस लावलेल्या सुखोईने पहिलं उड्डाण केलं. २२ नोव्हेंबर २०१७ रोजी बंगालच्या उपसागरात पहिला मारा यशस्वी झाला आणि जानेवारी २०२० मध्ये तंजावरला अशा विमानांची तुकडी उभी राहिली. मूळ विमान रशियन असलं, तरी त्यात काय बदलायचं आणि कसं, हे इथं ठरलं.

सरकारने केलं म्हणजे सगळं सुरळीत होतं का?

नाही. सरकारी मुकादमाचे दोषही तितकेच खरे आहेत.

'सुरत'च्या आधीच्या पिढीतल्या 'कोलकाता' वर्गाच्या तीन विनाशिकांचा खर्च मूळ मंजुरीच्या सुमारे ३,५८० कोटींवरून ११,६६२ कोटींवर गेल्याचं कॅगने २०१०-११ च्या अहवालात नोंदवलं. शस्त्रं आणि सेन्सर ठरवायला झालेला उशीर आणि मध्येच केलेले बदल ही त्यामागची मोठी कारणं होती. बांधकाम सुरू असताना घरमालकाने रोज नवी खोली मागितली तर जे होईल, तेच इथं झालं. मालक आणि मुकादम एकच असला की त्याला 'आता पुरे' म्हणणारं कुणी नसतं.

'कोलकाता' १६ ऑगस्ट २०१४ रोजी दाखल झाली तेव्हा तिची हवाई संरक्षणाची मुख्य क्षेपणास्त्रं तयारच नव्हती. जहाजावरून त्यांचा पहिला मारा झाला डिसेंबर २०१५ च्या शेवटी, म्हणजे सोळा महिन्यांनी. वेगवेगळे भाग वेगवेगळ्या वेळी तयार होत असतील, तर सगळ्यात मागे पडलेल्या भागासाठी अख्खं जहाज थांबतं.

खाजगी कंपन्यांनाही यातून बाहेर ठेवता येत नाही. लाँचरपासून सॉफ्टवेअरपर्यंत अनेक भाग आता त्याच बनवतात. प्रश्न असतो तो शेवटचा निर्णय आणि जोडणीची कागदपत्रं कुणाकडे राहणार हा.

याचा फरक कधी दिसेल?

'गोदावरी' २३ डिसेंबर २०१५ रोजी मुंबईत निवृत्त झाली. तिने ३२ वर्षं सेवा केली. आज दाखल होणारी जहाजंही साधारण तेवढंच जगतील. तेवढ्या काळात रडार बदलावं लागतं, क्षेपणास्त्रं बदलतात, संगणक तर कित्येकदा जुने होतात. ज्याच्याकडे जोडणीचं ज्ञान, त्याला हे बदल स्वतः करता येतात. नसेल, तर दर वेळी मूळ कंपनीशी नवा करार, नवी किंमत आणि दोन्ही देशांचे संबंध तेव्हा कसे असतील त्यावर भरवसा.

पुढची परीक्षा जवळच आहे. पुढच्या सहा पाणबुड्यांसाठी, म्हणजे 'पी-७५ आय' प्रकल्पासाठी, माझगाव डॉकने जर्मनीच्या टीकेएमएस कंपनीसोबत बोली लावली आहे. त्याच्या बातम्यांमध्ये किंमत किती आणि पहिली पाणबुडी कधी, हे आकडे सगळ्यात आधी दिसतील. त्यासोबत आणखी एक गोष्ट शोधायला हवी: उद्या भारतीय टॉर्पेडो तिच्यात बसवायचा झाला, तर ते काम माझगावात होणार, की पुन्हा परदेशातल्या कंपनीशी नवा करार करावा लागणार?